घोडेस्वार हवा, पक्षी नको

माझे एक जुने मित्र आहेत. हायस्कूलात मास्तर होते, आता निवृत्त झालेत. जुनी नाणी आणि पदकं गोळा करण्याचा त्यांना नाद. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. मास्तरांनी कंदील लावला आणि एक जाडजूड सचित्र पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं.

त्या पानावर दोन पदकं शेजारी शेजारी छापली होती. दोन्ही क्रॉसच्या आकाराची, पांढऱ्या मिन्याची. पहिल्याच्या मधोमध घोड्यावर बसलेला एक स्वार होता, भाल्यानं अजगराला मारणारा. दुसऱ्याच्या मधोमध स्वार नव्हता. तिथे दोन तोंडांचा काळा गरुड होता.

मास्तर म्हणाले, ‘‘कविराज, ही रशियाच्या झारची पदकं. शौर्य एकच, मान एकच. सांगा पाहू, तुम्हाला यातलं कुठलं मिळालं असतं?’’

मी म्हटलं, ‘‘स्वार आवडला मला.’’

‘‘नाही मिळणार. तुम्ही ख्रिस्ती नाही. तुम्हाला गरुड.’’

‘‘आणि तुम्हाला?’’

‘‘मलाही गरुडच!’’ मास्तर खळखळून हसले. ‘‘झारच्या हिशेबात आपण दोघं एकाच रांगेत.’’

आम्ही हसलो, चहा झाला, पाऊसही थांबला. पण तो गरुड काही माझ्या डोक्यातून जाईना. बी. ए. ला इतिहास हा माझा विषय होता. पुढे कवितेच्या नादी लागलो, पण इतिहासाची खोड गेली नाही. मग त्या पदकांच्या मागे लागलो. आज तुम्हाला सांगणार आहे ती त्याच पदकांची हकिगत. रशियाच्या झारांनी परक्या देशांतल्या, परक्या धर्मांतल्या लढवय्यांना जी पदकं दिली, त्यांची.

सुरुवात १७६९ सालापासून करू. रशियाच्या गादीवर तेव्हा सम्राज्ञी कॅथरिन दुसरी होती. ती स्वतः मुळात जर्मन. लग्न होऊन रशियात आली आणि पुढे तिथली सर्वसत्ताधीश झाली. त्या वेळी रशियाचं तुर्कस्तानच्या सुलतानाशी युद्ध चाललं होतं. या युद्धात पराक्रम गाजवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी तिनं नोव्हेंबर १७६९ मध्ये एक खास लष्करी सन्मान सुरू केला. त्याचं नाव ‘ऑर्डर ऑफ सेंट जॉर्ज’. त्याचे चार वर्ग होते. पहिला सर्वांत मोठा, चौथा सर्वांत लहान. काळ्या आणि नारिंगी पट्ट्यांची फीत, पांढरा क्रॉस आणि मध्ये अजगराला मारणारा सेंट जॉर्ज. ब्रीद होतं, सेवा आणि शौर्य.

या सन्मानाचा एक नियम त्या काळाच्या मानानं फार वेगळा होता. मोठ्या घराण्यात जन्म झाला म्हणून तो मिळणार नाही, नुसती अंगावर जखम झाली म्हणूनही मिळणार नाही. रणांगणावर प्रत्यक्ष काय करून दाखवलं, तेवढंच पाहिलं जाईल. ज्या देशात सरदार-उमरावांच्या मुलांना पाळण्यातच हुद्दे मिळत, तिथे हा नियम म्हणजे मोठीच गोष्ट होती. पुढे १८०७ मध्ये साध्या शिपायांसाठीही याच फितीवर वेगळा क्रॉस सुरू झाला. आपण ज्याला ‘सेंट जॉर्ज क्रॉस’ म्हणतो तो हा.

पहिल्या वर्गाचा मान किती दुर्मीळ होता बघा. १७६९ पासून झारशाही कोसळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांत, तो फक्त २५ जणांना मिळाला. त्यात खुद्द कॅथरिनही आली. या २५ जणांपैकी ८ जण असे होते, की जे रशियाचे नव्हते आणि रशियाच्या नोकरीतही नव्हते. ते परक्या राजांचे सेनापती होते किंवा स्वतःच परके राजे होते.

त्यातलं एक नाव आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. वेलिंग्टन. आपण त्याला आर्थर वेलस्ली म्हणून ओळखतो. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. तोच माणूस पुढे स्पेनमध्ये नेपोलियनच्या सेनापतींशी लढला, ड्यूक झाला आणि १८१४ मध्ये झार अलेक्झांडर पहिला यानं त्याला सेंट जॉर्जचा पहिला वर्ग दिला. असईच्या माळावर आपली माणसं ज्याच्या तोफांपुढे पडली, त्याच्या छातीवर अकरा वर्षांनी रशियाचा घोडेस्वार चढला.

पण मला जास्त नवल वाटलं ते दुसऱ्या दोन नावांचं. पहिला श्वार्झेनबर्ग. हा ऑस्ट्रियाचा सेनापती. १८१२ मध्ये नेपोलियन रशियावर चालून गेला, तेव्हा त्याच्या बाजूनं ऑस्ट्रियाची जी फौज रशियात घुसली, तिचा प्रमुख हाच होता. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियानं बाजू बदलली. ऑक्टोबर १८१३ मध्ये लाइपझिगच्या प्रचंड लढाईत नेपोलियनचा पराभव झाला, त्या दोस्त फौजांचा सरसेनापतीही हाच श्वार्झेनबर्ग. झारनं त्याला सेंट जॉर्जचा पहिला वर्ग दिला. एका वर्षापूर्वी शत्रू म्हणून आलेला माणूस पुढच्या वर्षी सर्वोच्च पदकाचा मानकरी!

दुसरा बर्नादोत. हा तर नेपोलियनचाच मार्शल. १८०५ मध्ये ऑस्टरलिट्झच्या लढाईत तो रशियनांच्या विरुद्ध बाजूला होता. पुढे स्वीडनला वारस हवा होता, त्यांनी याला युवराज म्हणून नेलं. १८१३ मध्ये तो आपल्याच जुन्या धन्याविरुद्ध लढला आणि त्यालाही तोच मान मिळाला. त्याच वर्षी प्रशियाच्या ब्लूखरलाही तो मिळाला.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात येत गेली. आपल्या शिपायाला पदक देणं आणि परक्याला पदक देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दिलेलं पदक म्हणतं, ‘शाब्बास!’ परक्याला दिलेलं पदक म्हणतं, ‘शाब्बास! आणि आता आमचाच राहा.’ त्यात कौतुक असतं, तशी थोडी बांधणीही असते.

आणि ज्याला ते मिळतं, त्याच्या घरच्यांना ते आवडेलच असंही नसतं. ॲडमिरल कॉड्रिंग्टन हे त्याचं उदाहरण. ग्रीस तेव्हा तुर्की सत्तेविरुद्ध लढत होता. २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या किनाऱ्यावर नव्हारिनोच्या आखातात इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांच्या एकत्रित आरमारानं तुर्की आणि इजिप्शियन आरमार उद्ध्वस्त केलं. केवळ शिडाच्या जहाजांनी लढली गेलेली ही शेवटची मोठी सागरी लढाई. तिन्ही आरमारांचं नेतृत्व इंग्लंडच्या कॉड्रिंग्टनकडे होतं. झार निकोलस पहिला खूश झाला. त्यानं त्याला सेंट जॉर्जचा दुसरा वर्ग दिला. इकडे लंडनमध्ये मात्र सरकारची झोप उडाली. तुर्कस्तान दुबळा झाला तर रशिया शिरजोर होईल, ही त्यांची भीती. जानेवारी १८२८ मध्ये राजाच्या भाषणात या लढाईचा उल्लेख एक अप्रिय घटना म्हणून झाला आणि त्याच वर्षी कॉड्रिंग्टनला माघारी बोलावण्यात आलं. परक्यानं छातीवर पदक लावलं आणि घरच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

शत्रूचे मित्र झाले, तसे मित्रांचे शत्रूही झाले. प्रशियाचा राजपुत्र विल्हेल्म १८१४ मध्ये फ्रान्समधल्या बार-सुर-ओबच्या लढाईत होता. तेव्हा त्याची सतरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. झारनं त्या पोराला सेंट जॉर्जचा चौथा वर्ग दिला. पुढे तो राजा झाला. १८६९ मध्ये या सन्मानाला शंभर वर्षं झाली, तेव्हा झार अलेक्झांडर दुसरा यानं त्याला आठवणीनं पहिला वर्ग पाठवला. पुढे हाच विल्हेल्म जर्मनीचा सम्राट झाला. त्याचप्रमाणे ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ जोसेफ. १८४९ मध्ये हंगेरीतलं बंड मोडायला रशियाची फौज त्याच्या मदतीला धावून गेली आणि त्यालाही चौथ्या वर्गाचा क्रॉस मिळाला.

आता १९१४ सालात या. १ ऑगस्टला विल्हेल्मच्या नातवानं रशियाशी युद्ध पुकारलं. ६ ऑगस्टला ऑस्ट्रियानं पुकारलं, आणि ऑस्ट्रियाच्या गादीवर तेव्हाही तोच फ्रान्झ जोसेफ होता, आता त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा. पासष्ट वर्षांपूर्वीचा तो क्रॉस काही युद्ध थांबवू शकला नाही. पदकानं माणूस बांधला जातो, असं झारांना वाटत होतं. बांधला जात नव्हता.

पण हे सगळे ख्रिस्ती होते. आपसांत भांडले तरी सेंट जॉर्ज त्यांच्या ओळखीचा होता. मास्तरांनी दाखवलेला तो गरुड अजून आपल्या गोष्टीत यायचा आहे.

एकोणिसाव्या शतकात रशियाचं साम्राज्य दक्षिणेकडे काकेशसच्या डोंगरात पसरत गेलं. त्या डोंगरांत मुसलमान टोळ्या होत्या. त्यातले काही झारविरुद्ध लढत होते, काही झारच्या फौजेत घोडेस्वार म्हणून भरती झाले होते. शेजारी इराण होता, तुर्कस्तान होता. त्यांच्याशी कधी लढाई, कधी तह. १८३३ मध्ये तर अशी वेळ आली, की इजिप्तच्या महंमद अलीच्या फौजेला घाबरून तुर्की सुलतानानं रशियाचीच मदत मागितली. रशियन सैनिक बॉस्फरसच्या काठावर उतरले आणि झारनं तुर्की सैनिकांसाठी खास पदक पाडलं. या मैत्रीला वीस वर्षं झाली आणि १८५३ मध्ये तेच दोघं क्रिमियाच्या युद्धात एकमेकांपुढे उभे राहिले. ते असो. सांगायचा मुद्दा हा, की झारच्या पदकांना आता मुसलमान मानकरीही मिळू लागले होते. आणि एक अवघड प्रश्न उभा राहिला. क्रॉसवर ख्रिस्ती संताचं चित्र असलेलं पदक मुसलमानाच्या छातीवर कसं लावायचं?

ऑगस्ट १८४४ मध्ये झार निकोलस पहिला यानं तोड काढली. जे ख्रिस्ती नाहीत, त्यांना देण्याच्या पदकांवर संताच्या जागी साम्राज्याचं चिन्ह, म्हणजे दुतोंडी गरुड घालायचा. सेंट जॉर्जच नव्हे, सेंट व्लादिमीर, सेंट ॲन यांच्या नावाच्या सन्मानांनाही तोच नियम. वर्ग तोच, फीत तीच, मान तोच. फक्त मधलं चित्र वेगळं.

आता खरं सांगायचं तर हा हुकूम वाईट हेतूनं काढलेला नव्हता. कुणाच्या धर्मभावनेला धक्का लागू नये, हाच त्यामागचा विचार. शिवाय दुसऱ्याच्या संताचं चित्र अंगावर नको, असं म्हणणारी माणसंही असणारच. कागदावर हा हुकूम अगदी समंजस दिसतो.

पण काकेशसमध्ये काय झालं? तिथल्या मुसलमान घोडेस्वारांची एक गोष्ट रशियात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पदक हातात पडल्यावर ते अधिकाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, आमच्या सोबत्यांना जिगित दिलात, मग आम्हाला हा पक्षी का? जिगित म्हणजे पट्टीचा घोडेस्वार, मर्द गडी. त्या डोंगरी माणसांना अजगराला मारणारा तो स्वार परक्या धर्माचा संत वाटलाच नव्हता. त्यांना तो आपल्यासारखाच एक घोडेस्वार वाटला होता. बाजूला बसलेल्या रशियन सोबत्याच्या छातीवर घोडेस्वार, आणि ज्याचा जन्म घोड्यावर गेला त्याच्या छातीवर पक्षी! त्यांना पदक कमी पडलं नव्हतं. पदकाबरोबर पंगतीतलं पान वेगळं मांडलं गेलं, हे त्यांना लागलं.

आणि तो स्वार मुसलमानांना सर्वस्वी परकाही नव्हता. ख्रिस्ती ज्याला सेंट जॉर्ज म्हणतात, तो अरबी परंपरेत जिरजीस या नावानं ओळखीचा आहे. पॅलेस्टाईनमध्ये बेथलेहेमजवळ अल-खद्र नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट जॉर्जच्या मठात ख्रिस्ती माणसं जातात, तशी मुसलमान माणसंही जात आली आहेत, कारण त्यांच्या लेखी तो खिज्र. वाट चुकलेल्याला वाट दाखवणारा ख्वाजा खिज्र आपल्याकडेही माहीत आहे. तेव्हा लोकांच्या मनात या रेघा हुकुमातल्यासारख्या ठळक नसतात. हुकूम काढणाऱ्याला ते ठाऊक नसतं, कारण त्यानं विचारलेलं नसतं.

याच काळातली आणखी एक हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अल्जिरियाचा अमीर अब्दुल कादिर. सेनापती होता, विद्वान होता, सूफी होता आणि कवीही होता. १८३२ पासून १८४७ पर्यंत पंधरा वर्षं तो फ्रेंचांशी लढला. शेवटी शरण आला. फ्रेंचांनी त्याला १८५२ पर्यंत फ्रान्समध्ये कैदेत ठेवलं. नंतर तो दमास्कसला जाऊन राहिला. जुलै १८६० मध्ये दमास्कसमध्ये दंगल उसळली. मुसलमानांचा जमाव ख्रिस्ती मोहल्ल्यावर तुटून पडला. तेव्हा हा अमीर आपल्या अल्जिरियन सोबत्यांना घेऊन रस्त्यावर उतरला. गल्ल्यागल्ल्यांतून त्यानं ख्रिस्ती बायकामुलांना बाहेर काढलं, आपल्या घरात आणलं, दाराशी स्वतः उभा राहिला. हजारो जीव त्याच्यामुळे वाचले.

साऱ्या युरोपातून त्याच्यावर सन्मानांचा वर्षाव झाला. ज्या फ्रान्सनं त्याला कैदेत टाकलं, त्यानं ‘लिजन ऑफ ऑनर’चा सर्वोच्च वर्ग दिला. अमेरिकेतून अब्राहम लिंकननं पिस्तुलांची जोडी पाठवली. आणि रशियाच्या झारनं ‘ऑर्डर ऑफ द व्हाइट ईगल’ दिला. पांढरा गरुड. हा सन्मान मुळात पोलंडचा. १८३१ मध्ये पोलंडचं बंड चिरडल्यावर रशियानं तो आपल्या सन्मानांत सामील करून घेतला होता. म्हणजे एका मोडलेल्या देशाचा सन्मान, दुसऱ्या मोडलेल्या देशाच्या अमीराला.

अमीराचे जुने फोटो आजही पाहायला मिळतात. अंगावर पांढरा झगा आणि त्यावर या साऱ्या पदकांची रांग. मी तो फोटो बराच वेळ पाहिला. डोळे शांत आहेत. त्यात पदकांचा अभिमान दिसत नाही, तसा तिटकाराही दिसत नाही. आपण जे केलं ते पदकासाठी नव्हतं, हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्याला पदक घ्यायला कसला संकोच?

आणि त्याच वेळी रशियात, कलुगा या गावी, आणखी एक माणूस नजरकैदेत होता. इमाम शमिल. दागेस्तान आणि चेचन्याच्या डोंगरांत पंचवीस वर्षं झारच्या फौजांना झुंजवून तो १८५९ मध्ये गुनीबच्या गडावर शरण आला होता. अब्दुल कादिरनं दमास्कसमध्ये काय केलं, हे कळल्यावर या कैद्यानं त्याला पत्र लिहून त्याचं कौतुक केलं. अमीरानंही त्याला उत्तर पाठवलं. दोघंही आपापल्या देशासाठी परक्या साम्राज्याशी लढलेले, दोघंही हरलेले. झारनं एकाला पदक पाठवलं आणि दुसऱ्याला पहाऱ्यात ठेवलं. मला विचाराल तर अमीराला मिळालेल्या साऱ्या मानसन्मानांत शमिलचं ते पत्र सर्वांत मोलाचं. कारण ते बरोबरीच्या माणसाचं होतं.

आता थोडं स्वतःविषयी. नाहीतर तुम्ही म्हणाल, या गरुडाचं याला एवढं का लागलं?

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या साहित्य संस्थेनं आम्हा पाच कवींचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह. आधीच्या चौघांना पितळी सरस्वतीचं मानचिन्ह मिळालं. सुबक होतं, वीणेच्या ताराही दिसत होत्या. मग माझं नाव पुकारलं. ‘मराठीतले मुस्लिम कवी’ अशी ओळख झाली. बाकीचे चौघं नुसते कवी होते. माझ्या हातात आलं ते मानचिन्ह वेगळं होतं. त्यावर दौत आणि टाक होता. खाली उतरताना संस्थेचे एक पदाधिकारी हळूच म्हणाले, ‘‘तुम्हाला अडचण नको, म्हणून मुद्दाम वेगळं करून घेतलं बरं का.’’ माणूस भला होता. खर्चही जास्त आला असणार. मी ‘आभारी आहे’ म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं.

पण एस. टी. त बसल्यावर मला आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवली. दसऱ्याच्या पाटीपूजनाला आम्ही सगळी पोरं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत असू. माझी चांगली यायची. शेजारची दोन-तीन पोरं आपल्या पाट्या माझ्याकडूनच काढून घ्यायची. अब्बांनी कधी हरकत घेतली नाही. ज्यानं लहानपणी इतरांच्या पाटीवर सरस्वती काढून दिली, त्याच्या हाती पन्नाशीत ती सोडून दुसरं चित्र आलं.

घरी आल्यावर भाईजानना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘त्यांनी बरोबरच केलं. मूर्ती आणली असतीस तर अम्मीनं घरात ठेवली कुठे असती? तू कविता लिहितोस, म्हणून तुला सगळं चालतं. सगळ्यांना चालत नाही.’’ भाईजानचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो, तर कदाचित तो दौत-टाकच मला बरा वाटला असता.

मग खुपलं काय? इतकंच, की मला कुणी विचारलं नाही. एक पोस्टकार्ड टाकलं असतं, एक फोन केला असता, की ‘‘बाबा रे, तुला कुठलं आवडेल?’’ तर मी काय सांगितलं असतं, ते नंतरचं. पण तो प्रश्न हाच सन्मान झाला असता. काकेशसचे घोडेस्वार आणि मी, आमचं दुखणं एकच. आमच्या भावना काय असतील, हे आमच्या वतीनं दुसऱ्यानंच ठरवून टाकलं होतं, आणि तेही अगदी चांगल्या मनानं.

आता त्या पदकाचं पुढे काय झालं ते सांगून संपवतो. १९१३ मध्ये सेंट जॉर्जच्या सन्मानाची नवी नियमावली झाली. गरुडाची वेगळी पदकं बंद झाली. धर्म कुठलाही असो, सर्वांना घोडेस्वारच मिळेल, असं ठरलं. घोडेस्वार मागणाऱ्यांना तो मिळाला, पण त्यासाठी एकोणसत्तर वर्षं जावी लागली. आणि ज्यांना गरुडच बरा वाटत असेल, त्यांचं काय, हा प्रश्न नव्या नियमानंही सोडवला नाही.

पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. इंग्रजांचे आणि रशियनांचे हितसंबंध आता एकत्र होते, आणि इंग्रजांच्या बाजूनं आपले हिंदुस्थानी जवान फ्रान्सच्या खंदकांत आणि मेसोपोटेमियाच्या चिखलात लढत होते. १९१५ पासून रशियाचे सेंट जॉर्ज क्रॉस आणि पदकं आपल्या हिंदुस्थानी अधिकाऱ्यांना आणि शिपायांनाही मिळू लागली. हिंदू, शीख, मुसलमान, सगळ्यांना. आणि त्या क्रॉसवर घोडेस्वार होता.

त्यात हिमाचलच्या हमीरपूरकडचा एक डोगरा जवान होता. लान्स नाईक लाला, ४१वी डोगरा पलटण. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा या गावी इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आपल्या कोकणातली, देशावरची पोरं उपाशीपोटी लढत होती. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेत हा लाला होता. २१ जानेवारी १९१६ ला शत्रूच्या खंदकांपासून हाकेच्या अंतरावर एक जखमी इंग्रज अधिकारी त्याला दिसला. त्यानं त्याला ओढत आडोशाला आणलं, मलमपट्टी केली. थंडी मरणाची होती. तेवढ्यात दुसऱ्या जखमी अधिकाऱ्याची हाक आली. लाला तिकडेही गेला. त्यानं स्वतःच्या अंगावरचे कपडे काढून जखमींवर घातले. अंधार पडल्यावर एकेकाला माघारी आणलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि रशियाचा सेंट जॉर्ज क्रॉसही मिळाला.

कुत काही वाचलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला ते पडलं. रशियातही १९१७ मध्ये झार गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या राजवटीनं झारशाहीतले सारे सन्मान रद्द केले. ज्यानं दिलं तो उरला नाही, ज्या राज्यासाठी दिलं ते राज्यही उरलं नाही. पण ज्यानं थंडीत अंगातला कपडा काढून दुसऱ्याच्या अंगावर घातला, त्याची गोष्ट उरली.

परवा मास्तरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाटातून तेच पुस्तक काढलं, पुन्हा ते पान उघडलं. या वेळी वीज होती. दोन्ही क्रॉस लखलखीत दिसत होते. मास्तर म्हणाले, ‘‘मग कविराज, आता सांगा. कुठला हवा?’’

मी म्हटलं, ‘‘मास्तर, तुम्ही विचारलंत, यातच सगळं आलं.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)